माहितीवहनाच्या वेगाची एकके

माहितीवहनाच्या वेगाची एकके : एखाद्या संदेशमार्गाने ठराविक काळात किती माहिती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचते, हे सांगणारी परिमाणे. शब्द प्रतिमिनिट, बॉड, बिट प्रतिसेकंद आणि बाइट प्रतिसेकंद ही त्यांपैकी प्रमुख एकके होत. लांबी वा वजन यांच्या एककांचे रूपांतर एका ठराविक गुणकाने होते. मैलांचे किलोमीटर करताना १·६०९ ने गुणले की पुरते; रस्ता कच्चा की पक्का, हे विचारावे लागत नाही. माहितीवहनाच्या एककांची गोष्ट तशी नाही. मिनिटाला ६६ शब्द म्हणजे सेकंदाला किती बिट, या प्रश्नाला संदेश कोणत्या संकेतलिपीत आहे हे ठाऊक असल्याशिवाय उत्तर देता येत नाही आणि ते ठाऊक असतानाही एकाहून अधिक उत्तरे बरोबर असू शकतात. याचे कारण या एककांच्या इतिहासात आहे. प्रत्येक एकक त्या त्या काळच्या यंत्रासाठी घडविले गेले व त्या यंत्राविषयीची गृहीते त्यात मुरून राहिली. यंत्रे गेली, गृहीते मात्र राहिली.

दृश्य तारायंत्र : विजेचा उपयोग सुरू होण्यापूर्वी क्लॉड शॅप (१७६३–१८०५) यांनी फ्रान्समध्ये उंच मनोऱ्यांवर हलत्या लाकडी भुजा बसवून दूरसंदेशनाची पद्धत उभारली. पॅरिस ते लील हा सु. २३० किमी. लांबीचा पहिला मार्ग १७९४ मध्ये सुरू झाला. एका मनोऱ्यावरील भुजांची स्थिती पुढच्या मनोऱ्यावरील माणूस दुर्बिणीतून पाही व तिची नक्कल करी. हवा स्वच्छ असल्यास एखादे चिन्ह काही मिनिटांत लीलहून पॅरिसला पोहोचे. त्या काळच्या घोडेस्वाराच्या मानाने ही गोष्ट अद्भुतच होती. पण चिन्ह किती लवकर पोहोचते आणि किती चिन्हे पाठविता येतात, हे दोन निराळे प्रश्न आहेत. एकामागून एक चिन्हे पाठविण्याची त्वरा मिनिटाला एक ते तीन चिन्हे एवढीच होती. पहिल्या राशीला विलंब व दुसरीला वेग म्हणतात. दोहोंची गल्लत तेव्हापासून चालू आहे.

शॅप यांच्या संकेतकोशात ९२ पृष्ठे व प्रत्येक पृष्ठावर ९२ शब्द, असे एकूण ८,४६४ शब्द वा वाक्प्रयोग होते. पहिले चिन्ह पृष्ठ दाखवी व दुसरे त्या पृष्ठावरील शब्द. आजच्या परिभाषेत सांगायचे तर ९२ पर्यायांतून निवडलेल्या एका चिन्हात जास्तीत जास्त सु. ६·५ बिट माहिती सामावते. मिनिटाला एक चिन्ह धरल्यास हा वेग सेकंदाला सु. ०·११ बिट भरतो. पुढील विवेचनात हा आकडा उपयोगी पडेल.

शब्द प्रतिमिनिट : सॅम्युएल मोर्स यांच्या तारायंत्राचा मार्ग वॉशिंग्टन व बॉल्टिमोर यांदरम्यान १८४४ मध्ये सुरू झाला. भारतात विल्यम ओशॉनेसी यांनी कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार १८५१ मध्ये चालू केली. तार खात्याला दर ठरविण्यासाठी, तारा मोजण्यासाठी व तारबाबूचे कौशल्य पारखण्यासाठी जे एकक सहज हाताशी होते ते म्हणजे शब्द. पैसे शब्दावर घेतले जात. तेव्हा वेगही शब्दांतच मोजला गेला, यात नवल नाही.

जमिनीवरील तारांवर हा हिशेब ठीक चालला. समुद्राखालील तारेने मात्र त्याची कसोटी पाहिली. अटलांटिक महासागरातून टाकलेली पहिली तार १८५८ च्या ऑगस्टमध्ये चालू झाली. व्हिक्टोरिया राणीने अमेरिकेचे अध्यक्ष ब्यूकॅनन यांना धाडलेला ९८ शब्दांचा संदेश पोहोचण्यास १६ तास लागले. म्हणजे एका शब्दाला जवळजवळ दहा मिनिटे. एका शब्दाला मधल्या रिकाम्या जागेसह सहा अक्षरे धरल्यास त्या संदेशात ५८८ अक्षरे होतात. प्रत्येक अक्षराला पाच बिट दिल्यास हा वेग सेकंदाला सु. ०·०५ बिट येतो आणि आठ बिट दिल्यास सु. ०·०८ बिट. कोणताही आकडा घेतला, तरी तो ६४ वर्षांपूर्वीच्या लाकडी भुजांच्या वेगापेक्षा कमीच आहे. अर्थात ही तुलना पुरती न्याय्य नाही. सोळा तास हा संदेश पुरा होण्यास लागलेला काळ आहे. तार आणि वाचक उपकरण सुरळीत चालत असताना त्यांनी साधलेला वेग नव्हे.

या मंदगतीची मीमांसा विल्यम टॉमसन (नंतरचे लॉर्ड केल्व्हिन, १८२४–१९०७) यांनी तार टाकण्यापूर्वीच केली होती. लांब तारेच्या एका टोकाला दिलेला तीक्ष्ण स्पंद दुसऱ्या टोकाला पसरट होऊन पोहोचतो व ही विरलता तारेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्यांनी दाखविले. तारेची लांबी दुप्पट झाली तर वेग चतुर्थांश होणार. कंपनीचे विद्युत् तज्ज्ञ व्हाइल्डमन व्हाइटहाउस यांना हे मान्य नव्हते. त्यांनी तारेला फार मोठा विद्युत् दाब दिला आणि आधीच सदोष असलेली तार सु. तीन आठवड्यांत निकामी झाली. जाड वाहक व चांगले निरोधन असलेली १८६६ ची तार टॉमसन यांच्या संवेदनशील उपकरणांच्या साहाय्याने मिनिटाला सु. आठ शब्द वाहू लागली. वेग हा तारबाबूच्या हातावर नव्हे, तर मार्गाच्या भौतिक गुणधर्मांवर अवलंबून असतो, हे या प्रकरणातून प्रथम पैशाच्या भाषेत कळले.

‘ग्रेट ईस्टर्न’ या जहाजाने १८७० मध्ये मुंबई ते एडन ही तार टाकली व त्या वर्षी मुंबई सागरी तारांनी लंडनशी जोडली गेली. दर शब्दागणिक व जबर असल्याने मुंबईच्या पेढ्या व कापसाचे व्यापारी संकेतकोश वापरीत. एका कृत्रिम शब्दात पुरे वाक्य दडविले जाई. परिणामी ‘शब्द’ म्हणजे काय, हाच वादाचा मुद्दा झाला. पॅरिस येथे १८६५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय तारायंत्र संघाच्या परिषदांना सांकेतिक शब्दांच्या लांबीवर मर्यादा घालावी लागली. लोकांनी एकक वाकविले म्हणून त्याची व्याख्या करावी लागली, असे हे उदाहरण आहे.

अभियंत्यांपुढील अडचण निराळी होती. मोर्स संकेतात अक्षरांची लांबी सारखी नसते. टिंबाचा काळ एक घटक मानला, तर रेघ तीन घटकांची, अक्षरातील दोन चिन्हांमधील अंतर एका घटकाचे, दोन अक्षरांमधील तीन घटकांचे व दोन शब्दांमधील सात घटकांचे असते. म्हणून वेग मोजण्यासाठी नमुनाशब्द ठरविण्यात आले. ‘पॅरिस’ हा शब्द रोमन लिपीतील पाच अक्षरांनी लिहिला, तर पुढील रिकाम्या जागेसह त्याचे बरोबर ५० घटक होतात. ‘कोडेक्स’ या पाच अक्षरी नमुनाशब्दाचे ६० होतात. मिनिटाला १२ शब्द हा वेग पहिल्या मापाने सेकंदाला १० घटक होतो व दुसऱ्याने १२ घटक. दोन तारबाबू मिनिटाला बारा शब्दांचीच बढाई मारीत असले, तरी त्यांतील एक दुसऱ्यापेक्षा वीस टक्के जलद असणे शक्य होते.

बॉड : या असमानतेतून सुटका करण्याचे श्रेय प्रामुख्याने झां मॉरीस एमील बोदो (१८४५–१९०३) या फ्रेंच तार अभियंत्यांना जाते. १८७४ मध्ये त्यांनी एकस्व घेतलेल्या पद्धतीत प्रत्येक अक्षरासाठी सारख्या कालावधीचे पाच घटक असत व प्रत्येक घटक दोनपैकी एका स्थितीत असे. अशा ३२ जुळण्या होतात. रोमन अक्षरे, अंक व विरामचिन्हे यांना त्या पुरत नाहीत. म्हणून ‘यापुढे अक्षरे’ व ‘यापुढे अंक’ असे सांगणाऱ्या दोन जुळण्या राखून ठेवण्यात आल्या. या सूचनाही एकेका अक्षराचा वेळ खात, त्यामुळे आकडे व शब्द यांची सरमिसळ असलेला बाजारभावांचा संदेश साध्या पत्रापेक्षा हळू जाई. बोदो यांच्या यंत्राला पाच पट्ट्यांची कळफळी असे व एक फिरता वितरक एकच तार अनेक तारबाबूंना आळीपाळीने क्षणभर जोडून देई. यंत्राच्या ठेक्यावर, मिनिटाला सु. ३० शब्द या गतीने, पट्ट्या दाबाव्या लागत. ठेका चुकला की अक्षर हुकले. माणसाला यंत्राच्या तालावर नाचविणारे हे काम शिकण्यास कठीण होते. पुढे न्यूझीलंडचे डॉनल्ड मरी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी टंकलेखकासारखी कळफळी जोडून व संकेतांची फेरमांडणी करून ही अडचण दूर केली.

सर्व घटक सारख्या लांबीचे झाल्यावर शब्द सोडून घटकच मोजणे सोपे झाले. सेकंदाला एक घटक या वेगाला बोदो यांच्या स्मरणार्थ ‘बॉड’ हे नाव देण्याची सूचना १९२६ मध्ये आंतरराष्ट्रीय तारायंत्र सल्लागार समितीच्या बैठकीत पुढे आली. ही सूचना चांगली होती. बॉड या एककाला भाषेशी कर्तव्य नाही व शब्दाच्या लांबीशीही नाही. घड्याळ व तार एवढेच त्याला लागते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावयास हवी : बॉड हे तारेवरील बदलांच्या त्वरेचे माप आहे, माहितीच्या त्वरेचे नव्हे.

दूरमुद्रकाच्या उदाहरणाने हे स्पष्ट होते. यूरोप, भारत इ. ठिकाणी टेलेक्स सेवेत ५० बॉड हा वेग रूढ होता. प्रत्येक घटक २० मिलिसेकंदांचा असे. अक्षराचे पाच घटक, त्यापूर्वी ‘आरंभ’ दर्शविणारा एक व नंतर ‘विराम’ दर्शविणारा दीड, असे एका अक्षराला साडेसात घटक म्हणजे १५० मिलिसेकंद लागत. मिनिटाला ४०० अक्षरे, म्हणजे सहा अक्षरांचा शब्द धरून ६६ २/३ शब्द होत. माहिती वाहणारे घटक साडेसातांपैकी पाचच असल्याने माहितीचा वेग सेकंदाला ३३ १/३ बिट होई. म्हणजे ५० बॉड, मिनिटाला ६६ २/३ शब्द आणि सेकंदाला ३३ १/३ बिट ही एकाच यंत्राची तीन खरी वर्णने आहेत. अमेरिकेत घटक २२ मिलिसेकंदांचा होता. तेथील ४५·४५ बॉडच्या यंत्राला ‘साठ शब्दांचे यंत्र’ म्हणत, प्रत्यक्षात ते ६१ हून थोडे अधिक शब्द देई. ती ढिलाई कोणाला खुपली नाही, कारण दोन्ही टोकांना सारखीच यंत्रे असत. अशी ढिलाई महाग पडू लागली ती पुढे, भिन्न बनावटीची यंत्रे एकमेकांना जोडली जाऊ लागल्यावर.

बिट : माहिती म्हणजे काय, हे न सांगता तिचा वेग मोजणे अखेर अपुरेच ठरणार होते. हॅरी नायक्विस्ट (१८८९–१९७६) यांनी १९२४ मध्ये असे दाखविले की, तारेवर दोनऐवजी अधिक विद्युत् पातळ्या वापरल्यास तेवढ्याच घटकांतून अधिक माहिती जाते व ही वाढ पातळ्यांच्या संख्येच्या लॉगरिथमाच्या प्रमाणात असते. राल्फ हार्टली (१८८८–१९७०) यांनी १९२८ मध्ये हा विचार सर्वसामान्य केला. क्लॉड एल्वुड शॅनन (१९१६–२००१) यांच्या १९४८ सालच्या निबंधात ‘बिट’ हा शब्द छापला गेला. तो सुचविण्याचे श्रेय त्यांनी जॉन टूकी यांना दिले आहे. दोन समसंभाव्य पर्यायांपैकी एकाची निवड म्हणजे एक बिट. प्रत्येक घटकात दोनच स्थिती असतील, तर बॉड व बिट प्रतिसेकंद यांचे आकडे सारखे येतात. चार असतील तर दुप्पट, सोळा असतील तर चौपट.

प्रारंभी दूरध्वनिमार्गे संगणक जोडणारी मोडेम उपकरणे पहिल्या प्रकारची होती. बेल कंपनीचे १९६२ चे ३०० बिटांचे मोडेम ३०० बॉडचेच होते, आणि बॉड हा शब्द बिटाचा पर्याय म्हणून रूढ झाला. मोडेमांची पुढील पिढी आल्यावर हा प्रचार चुकीचा ठरला, तरी तो सुटला नाही. १,२०० बिटांचे मोडेम ६०० बॉडचे होते व १९८४ च्या मानकानुसार बनविलेले २,४०० बिटांचेही ६०० बॉडचेच. पहिले प्रत्येक घटकात दोन बिट भरी, दुसरे चार. जाहिरातींत मात्र त्याला सर्रास ‘२,४०० बॉड’ म्हटले गेले. हा प्रकार केवळ शब्दच्छल नव्हता. दूरध्वनीच्या तारेवर सेकंदाला २,४०० बदल आणि ६०० बदल यांना लागणारा कंप्रता-पट्टा वेगळा असतो. मार्गाची आखणी करणाऱ्याला बॉड हवा असतो आणि मार्ग वापरणाऱ्याला बिट. तारजोडणीच्या ईथरनेट जालांत हाच फरक टोकाला गेलेला दिसतो. सेकंदाला १० कोटी बिटांची व १०० कोटी बिटांची अशा दोन्ही प्रकारांत तारेच्या एका जोडीवर सेकंदाला १२·५ कोटी बदलच होतात. दुसऱ्या प्रकारात चार जोड्या वापरल्या जातात व प्रत्येक बदलात दोन बिट भरले जातात, एवढेच.

बाइट : संगणकात अक्षरासाठी लागणाऱ्या बिटसमूहाला ‘बाइट’ हे नाव व्हेर्नर बुखहोल्ट्स यांनी १९५६ मध्ये दिले. ‘बिट’शी घोटाळा होऊ नये म्हणून त्याचे इंग्रजी वर्णलेखन मुद्दाम बदलण्यात आले होते. आयबीएम कंपनीच्या १९६४ मधील ३६० मालिकेमुळे आठ बिटांचा बाइट रूढ झाला. तेव्हापासून बिटांना आठाने भागले की बाइट मिळतात, असे पाठ्यपुस्तके सांगतात. साठविलेल्या माहितीपुरते ते खरे आहे. तारेवर भाजक बदलतो. ‘टेलिटाइप ३३’ या यंत्रात एका अक्षराला आरंभाचा एक, अक्षराचे आठ व विरामाचे दोन असे अकरा घटक लागत. म्हणून ११० बॉडला सेकंदाला दहा अक्षरे मिळत. नंतर विरामाचा एकच घटक पुरेसा ठरल्याने भाजक दहा झाला : सेकंदाला ९,६०० बिट म्हणजे ९६० बाइट, १,२०० नव्हे. आरंभ-विराम गेले तरी दहा हा भाजक काही ठिकाणी दुसऱ्या वेषात टिकून राहिला. संगणकातील चकती जोडण्याच्या ‘साटा’ पद्धतीत दर आठ बिटांसाठी तारेवर दहा बिट पाठविले जातात, म्हणून सेकंदाला १५० कोटी बिटांची ती जोडणी १५ कोटी बाइट देते, १८·७५ कोटी नाही.

हजार की एक हजार चोवीस : संगणकाची स्मृती दोनच्या घातांत रचलेली असल्याने २¹⁰ म्हणजे १,०२४ बाइटांना ‘किलोबाइट’ म्हणण्याची सोय स्मृतीच्या अभियंत्यांनी करून घेतली. संदेशवहनाच्या क्षेत्रात किलो म्हणजे नेहमी १,००० च होते. अंकीय दूरध्वनीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेऊन प्रत्येकाला आठ बिट दिले जातात. होणारे ६४,००० बिट हे दशमानच आहेत. अशा ३२ मार्गांची मोट बांधून होणारा यूरोप व भारत येथील वाहक २०,४८,००० बिटांचा असतो. व्यवहारात त्याला ‘दोन मेगाबिट’ म्हणतात. पण हा आकडा दशमान दोन मेगाबिटही नाही व द्विमान दोन मेगाबिटही नाही, दोहोंच्या मधला आहे. किलोच्या पातळीवर या दोन पद्धतींतील फरक २·४ टक्के आहे, मेगावर सु. ४·९, गिगावर सु. ७·४ व टेरावर जवळजवळ १० टक्के होतो. आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये द्विमान मापांसाठी किबी, मेबी, गिबी ही वेगळी उपपदे मंजूर केली. तांत्रिक लेखनात त्यांचा उपयोग होतो. दुकानात ती क्वचितच ऐकू येतात.

ग्राहकाच्या वाट्याला हे सर्व प्रश्न एकत्र येतात. सेकंदाला १०० मेगाबिटांची जोडणी घेतलेल्या माणसाला फाइल उतरविताना पडद्यावर सु. ११ चा आकडा दिसतो व आपण फसविले गेलो, असे त्याला वाटते. हिशेब असा : १० कोटी बिटांना आठाने भागून सव्वा कोटी बाइट होतात. ईथरनेट जालातील पूर्ण भरलेल्या चौकटीच्या व तिच्याभोवतीच्या अंतराच्या मिळून १,५३८ बाइटांपैकी फाइलीच्या वाट्याला १,४६० येतात, म्हणून सु. १ कोटी १८ लाख ७० हजार उरतात. आज्ञावली १०,४८,५७६ बाइटांचा ‘मेगाबाइट’ मोजीत असल्यास पडद्यावर ११·३ उमटते. यात कोणी काही चोरलेले नाही. मात्र आकड्याशेजारी एकक स्पष्ट लिहिले असते, तर शंका आली नसती. जोडणीच खरोखर मंद असेल, तर ती तक्रार वेगळी. पण हा हिशेब आधी केल्याशिवाय ती सिद्ध करता येत नाही. शासकीय व्याख्याही बिटांतच असतात. भारताच्या २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडचा किमान वेग सेकंदाला २५६ किलोबिट होता, म्हणजे ३२ किलोबाइट; २०१३ मध्ये तो ५१२ किलोबिट व २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आला.

देवनागरीतील अडचण : रोमन लिपीत बिटासाठी लहान व बाइटसाठी मोठे ‘बी’ अक्षर वापरण्याचा संकेत आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. ‘एमबीपीएस’ हे मराठी लेखन दोन्ही अर्थांनी वाचता येते व त्या दोन अर्थांत आठपटीचे अंतर आहे. म्हणून मराठीत पूर्ण शब्द लिहिणेच इष्ट होय.

लिपीचा प्रश्न संकेतांपर्यंतही जातो. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या संकेतमानकात देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हाला एक बाइट पुरे. महाजालावर सर्वत्र रूढ झालेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत (१९९२) रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक व्यंजनाला, मात्रेला व हलन्त चिन्हाला तीन. तारायंत्राच्या काळचा नमुनाशब्द घेऊन हे पाहता येईल. रोमन लिपीत लिहिलेला ‘पॅरिस’ पुढील रिकाम्या जागेसह सहा बाइटांचा होतो. देवनागरीत प, ॲ ची मात्रा, र, इ ची मात्रा व स अशी पाच चिन्हे येतात. १९९१ च्या संकेतात तीही जागेसह सहा बाइटांची, यूटीएफ-८ मध्ये मात्र सोळा बाइटांची. बाइटमागे दहा बिट घेणाऱ्या ३०० बिटांच्या जुन्या मोडेमवर पहिल्या दोन प्रकारांनी मिनिटाला ३०० शब्द गेले असते आणि तिसऱ्या प्रकाराने ११२·५.